बारा अक्षरी नंबर

"मॅडम, हे काढून टाकायला लागतंय," चौगुले माझ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाला.

"हे म्हणजे काय?"

"हे तुमचं लिनक्स. याच्यावर आमचं नेट चालत न्हाई. विंडोज टाका, दोन मिनिटांत चालू करून देतो."

मी त्याच्याशी बोलत होते, पण तो उत्तर देत होता दादाकडे बघून. सकाळी साडेदहाला आल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. प्रश्न मी विचारायचा, उत्तर दादाला मिळायचं. जणू दादाच्या तोंडून माझा आवाज येत होता.

दोन हजार नऊ सालची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं शॉप. बिडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याच्यासारखाच लाकडी भाग करावा लागतो, वाळूत ठसा उठवायला. त्याला पॅटर्न म्हणतात. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, शॉप उभं केलं. ते गेल्यावर दादा, म्हणजे धनाजी सुतार, मालक झाला. मी सासर सोडून आले ती शॉपच्या ऑफिसात बसले. ड्रॉइंग लावायची, पत्रं लिहायची, फोन घ्यायचे. जुना कॉम्प्युटर होता, त्यावर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स मीच टाकलं, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. शिकवायला कुणी नव्हतं. चुकत चुकत सहा वर्षांत बऱ्यापैकी शिकले होते आणि शॉपमधल्या प्रत्येक पॅटर्नची माहिती त्या यंत्रात भरली होती.

आमचं बहुतेक काम पुण्याच्या एका पंप कंपनीचं. त्यांनी कळवलं होतं की यापुढे ड्रॉइंग कुरिअरनं येणार नाहीत, त्यांच्या सर्व्हरवरून आपणच उतरवून घ्यायची. त्यासाठी धंद्याचं इंटरनेट घ्यायचं, ज्याचा पत्ता कायम एकच राहतो. त्या पत्त्यावरून, शॉपच्याच कॉम्प्युटरवर, शुक्रवारी दुपारी चारच्या आत एक चाचणीचं ड्रॉइंग उतरवून दाखवायचं. जमलं तर यादीत नाव राहणार, नाही जमलं तर जाणार. नाव गेलं की बाहेर रंधा मारत असलेल्या सहा माणसांनी घरी बसायचं. आणि इंटरनेट कंपनीचा हा चौगुले आला होता थेट शुक्रवारी.

आल्या आल्या त्यानं वायर ओढली आणि पहिल्यांदा स्वतःच्या लॅपटॉपला लावली. पान उघडलं. "लाइन ओके," म्हणाला. मग वायर माझ्या कॉम्प्युटरला लावली. मी त्याच्या कागदावरचे पत्त्याचे आकडे जसेच्या तसे भरले. दोनदा तपासले. काही नाही. पलीकडून हूं का चूं नाही. वायर परत त्याच्या लॅपटॉपला, की चालू. माझ्याकडे, की बंद.

"चौगुले, आकडे तेच, वायर तीच," मी म्हणाले. "मग फरक उरला मशीनचा. तुमच्याकडं लाइन मशीनच्या नंबरला बांधतात का?"

"कसला नंबर?" दादा म्हणाला.

"प्रत्येक मशीनच्या नेटच्या कार्डाला बारा अक्षरांचा एक नंबर असतो. यांनी पहिल्यांदा लॅपटॉप लावला. त्याचाच नंबर यांच्या ऑफिसात चढला असंल. आता दुसऱ्या कुणाला ती लाइन दारात उभं करत न्हाई."

चौगुलेनं दादाकडे बघून मान हलवली. "असलं काय नसतंय मालक. हे लिनक्स म्हणजे फुकटातलं असतंय. कॉलेजची पोरं खेळतात त्याच्यावर. धंद्याला चालत न्हाई."

"तुम्ही ऑफिसला फोन करून विचारा तर."

त्यानं फोन लावला आणि बोलत बोलत बाहेर रस्त्यावर गेला. पाच मिनिटांनी परत आला. "वरनं पण तेच सांगितलं. सिस्टिम बदला."

माझ्या डोक्यात सणक गेली. जे बोलायचं ते माझ्यासमोर बोलायला याला काय झालं होतं?

"दादा, हा खोटं बोलतोय."

"हेमा!" दादा ओरडला. "पाव्हण्यासमोर काय बोलतीस? ते कंपनीचं इंजिनिअर हायत. रोज दहा ठिकाणी लाइनी जोडतात. तू एक सीडी लावलीस म्हणून काय शहाणी झालीस काय?"

"सहा वर्षांचं काम हाय त्याच्यात."

"काम काय, पॅटर्न मांडणीवर हायत की. डोळ्यांनी दिसतात." मग चौगुलेला म्हणाला, "टाका तुमचं विंडोज. सीडी हाय न्हवं?"

"हाय की. बॅगेत असतीच. तासाभराचं काम."

दीड वाजला होता. दादानं चौगुलेला जेवायला नेलं. नेणारच. शॉपला कंपनीचा माणूस आला की त्याला तांबडा-पांढरा घातल्याशिवाय सोडायचं नाही ही आमच्याकडची पद्धत, मग तो काम करो की काम बिघडवो. जाताना चौगुले दारातून म्हणाला, "मॅडम, तेवढ्यात काय फोटोबिटो ठेवायचे असतील तर काढून घ्या. आल्यावर फॉरमॅट मारूया."

फोटोबिटो. सहा वर्षांत त्या यंत्रात मी एकही फोटो ठेवला नव्हता.

ते गेले. मी पाचेक मिनिटं नुसती धुमसत बसले. मग नजर गेली चौगुलेच्या लॅपटॉपवर. टेबलावरच ठेवून गेला होता. मी तो उलटा केला. तळाला चिकटवलेल्या कागदावर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं, आणि त्यात तो बारा अक्षरांचा नंबरही होता. मी कुरिअरच्या जुन्या पाकिटाचा तुकडा फाडला आणि त्यावर नंबर उतरवून घेतला.

लिनक्समध्ये एक सोय असते. कार्डाला सांगता येतं की आजपासून तू तुझा नंबर सांगू नकोस, हा सांग. तीन ओळी लिहायच्या. कार्ड बंद कर, नंबर बदल, कार्ड चालू कर. मी तीन ओळी लिहिल्या आणि वायर माझ्या कॉम्प्युटरला लावली.

पान उघडलं. मी आणखी एक उघडलं, तेही उघडलं. चौगुलेचा लॅपटॉप बाजूला बंद पडून होता आणि माझं यंत्र त्याच्या नावानं आत जाऊन बसलं होतं. मी एकटीच ऑफिसात मोठ्यानं हसले. बाहेरून मारुतीतात्यांनी, आमच्या सगळ्यात जुन्या कारागिरानं, डोकावून विचारलं, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "जोडली लाइन." तात्या म्हणाले, "देव पावला," आणि परत कामाला लागले.

पावणेतीनला दोघं पान खाऊन आले. मी दादाला खुर्चीवर बसवलं आणि दाखवलं. काय केलं तेही सांगितलं. पाकिटाचा तुकडा दाखवला, लॅपटॉपचा तळ दाखवला. दादाला सगळं कळलं. हे मी मुद्दाम सांगते. पुढं पाहुण्यांत तो म्हणायचा की आपल्याला त्यातलं काही समजलं नव्हतं. समजलं होतं. त्याचा चेहरा खुलला, "आयला!" म्हणाला, माझ्या पाठीवर थाप मारली. चौगुले पान चघळायचा थांबला होता.

तेवढ्यात फोन वाजला. पंप कंपनीचे दीक्षित साहेब, खरेदी खात्यातले. दादा उभा राहून फोनवर बोलायचा त्यांच्याशी.

"हो साहेब, झालं की... एकदम ओके. इंटरनेट कंपनीचे इंजिनिअर आलेत, चौगुले म्हणून. त्यांनी करून दिलं सगळं... होय, होय, काय अडलं तर त्यांचंच नाव लिहून ठेवा. माणूस लई हुशार हाय."

मी दादाकडे बघत राहिले. त्यानं माझी नजर चुकवली.

चौगुलेनं तोवर बॅगेतून छापील कागद काढला होता. भराभरा भरला आणि दादापुढं सरकवला. मी वाचला. 'ग्राहकाच्या सिस्टिममधील दोष इंजिनिअरने दूर केला. कनेक्शन सुरू. ग्राहक समाधानी.' दादानं पेन उघडलं.

"दादा, वाचलंस काय लिहिलंय ते?"

"लिहू दे की गं. काय फरक पडतोय? लाइन चालू झाली न्हवं?"

"दोष माझ्या सिस्टिममध्ये होता?"

"हेमा, आता किरकिर लावू नकोस."

"आणि दीक्षित साहेबांना काय सांगितलंस?"

दादानं सही केली, पेनाला टोपण लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मग काय सांगू? माझ्या बहिणीनं घरात बसल्या बसल्या केलं म्हणून? हसंल त्यो. म्हणंल, काय घरगुती कारभार हाय. कंपनीचा माणूस म्हटलं की वजन पडतंय. कळत न्हाई तुला."

मी टेबलावरचा कागद उचलून परत एकदा वाचला.

"जा, च्या ठेव जा. चौगुलेसाहेबांना पुढं जायचंय."

आमच्या शॉपची एक रीत आहे. अण्णांनी घातलेली. पॅटर्न पुरा झाला की ज्यानं केला त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लोखंडी ठशानं तळाला ठोकायचं. बीड बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळतं, आणि ओतकाम नितळ आलं तर शाबासकी कुणाला द्यायची तेही. अण्णा मालक होते, पण दुसऱ्याच्या कामावर त्यांनी आपलं अक्षर कधी ठोकलं नाही. एकदा दादानं, तेव्हा विशीतला, तात्यांनी केलेल्या पॅटर्नवर स्वतःचा 'ध' ठोकला होता. अण्णांनी तो पॅटर्न सगळ्यांदेखत बंबात घातला आणि दादाकडून पहिल्यापासून नवा करून घेतला. आठवडा गेला त्यात. दादा हे विसरला असेल असं मला वाटत नाही.

माझा ठसा नव्हताच. ऑफिसातल्या कामाला तळ कुठं असतो?

मी कॉम्प्युटरपुढं बसले. तीन ओळी लिहिल्या. कार्ड बंद कर, तुझा नंबर तू घे, कार्ड चालू कर. आधीचं लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. मग उठले आणि मागच्या खोलीत जाऊन चहा ठेवला. आलं किसून घातलं. चहा चांगला झाला होता.

कप घेऊन आले तेव्हा दादा बटणं दाबत होता. "हेमा, हे बंद कसं पडलं?"

"चौगुलेसाहेबांना विचार. त्यांनी जोडलंय."

चौगुलेनं बॅग खांद्याला लावली होती. ती खाली ठेवावी लागली. वायर लॅपटॉपला लावली, चालू. कॉम्प्युटरला लावली, बंद. परत लॅपटॉप, परत कॉम्प्युटर. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. मी माझ्या खुर्चीत बसून चहा पीत होते.

"मॅडम, तुम्ही मघाशी काय केलं होतं ते परत करा की," चौगुले म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून बोलला.

"मी काय केलं? सही झालीय. दोष तुम्ही दूर केलाय."

"करा की मॅडम, गंमत नका करू."

"मी गंमत करत न्हाई."

दादाचा चेहरा लाल झाला. "हेमे, तू बंद केलंस?"

"होय."

"डोकं फिरलंय काय तुझं? चारला चाचणी हाय!"

"माहीत हाय. सीडी हाय की यांच्याकडं. टाका विंडोज. तासाभराचं काम."

दादानं चौगुलेकडे बघितलं. चौगुलेनं खाली बघितलं. "मालक... विंडोज टाकून पण चालायचं न्हाई."

"म्हणजे?"

"लाइन माझ्या लॅपटॉपला बांधली गेलीय. नियम असा हाय की पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं मशीन लावायचं. मी सवयीनं माझं लावलं. आता सोडवायची म्हणजे ऑफिसात अर्ज टाकावा लागतोय, उद्या होतंय. आणि चूक माझ्या नावावर चढती."

"सकाळी फोनवर हेच सांगितलं वरनं?" मी विचारलं.

त्यानं लॅपटॉप मिटला.

"म्हणजे तुझी चूक लपवायला तू माझं सहा वर्षांचं काम पुसून टाकणार होतास. फोटोबिटो काढून घ्या म्हणालास." माझा आवाज चढला होता आणि चढू दिला मी. बाहेरचे रंधे थांबले.

दादानं हे ऐकून चौगुलेची गचांडी धरायला हवी होती. त्यानं धरला माझ्या खुर्चीचा हात. "ते राहू दे. त्याचं नंतर बघू. आधी लाइन जोड."

"फोन लाव दीक्षित साहेबांना. खरं काय ते सांग. नाव सांग."

"आत्ता? आत्ता फोन लावून सांगू की मघाशी खोटं बोललो? माझी काय इज्जत राहील?"

"आणि माझी?"

"तुझ्या इज्जतीला काय झालं? घरात हायस, खाऊन-पिऊन सुखी हायस!"

हे बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं असावं. पण शब्द परत घेणं दादाला कधी जमलं नाही. त्यानं चहाचा कप उचलून भिंतीवर मारला. कपाचा कान माझ्या पायाशी येऊन पडला.

दारात मारुतीतात्या उभे होते. अंगावर लाकडाचा भुसा, हातात पटाशी. मला वाटलं, तात्या माझ्या बाजूनं बोलतील. अण्णांची रीत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

"ताई," तात्या म्हणाले, "तुमचं बरोबर असंल. पण आमचं काय? माझ्या धाकटीचं लग्न दिवाळीनंतर. ह्या वयात मला कोण ठेवून घेतंय?"

मला उत्तर द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. मी घड्याळाकडेही बघितलं नाही. फुटलेल्या कपाचा कान उचलला आणि टेबलावर ठेवला.

"सहा माणसांच्या पोटावर पाय देतीस तू," दादा म्हणाला.

"मी न्हाई. एक फोन हाय तुझ्या हातात."

चौगुले बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होता. दादा एकदा दाराकडे, एकदा फोनकडे बघत होता. तीन पंचेचाळीस झाले असतील. शेवटी त्यानं फोन उचलला आणि नंबर फिरवला. या वेळी तो उभा राहिला नाही, स्टुलावर बसला.

"साहेब, धनाजी सुतार बोलतोय. मघाशी मी चुकीचं सांगितलं. लाइन त्या इंजिनिअरनं न्हाई जोडली... आमच्या बहिणीनं जोडली. हेमलता सुतार. होय, लिहा. हेमलता. काय अडलं तर तिलाच विचारायचं."

मी पलीकडचं हसू ऐकायला कान दिला होता. दीक्षित साहेब हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं. मग त्यांनाच द्या ना फोन."

मी फोन खांद्याला लावला आणि कॉम्प्युटरपुढं बसले. "चौगुले, लॅपटॉप उलटा करून दादाकडं द्या. दादा, खाली बारा अक्षरं हायत. एकेक सांग."

दादानं चष्मा लावला आणि तो नंबर मला एकेक अक्षर वाचून दाखवला. मध्ये एकदा आवाज अडखळला, परत पहिल्यापासून वाचला. तीन छप्पनला ड्रॉइंग उतरलं. पंपाचं झाकण होतं, साधंच. चौगुलेनं आपला कागद फाडला, दुसरा भरला, त्यावर 'ग्राहकाने स्वतः जोडणी केली' असं लिहिलं आणि सही माझी घेतली.

यादीत नाव राहिलं. तात्यांच्या धाकटीचं लग्न झालं, मी वरातीत होते. दादा माझ्याशी पाच महिने बोलला नाही. मग बोलायला लागला, आणि आता तर पाहुण्यांत ही गोष्ट तोच रंगवून सांगतो. शेवटी म्हणतो, "आमची हेमा लई खमकी. पण मी फोन केला नसता तरी चारला दोन मिनिटं कमी असताना तिनं जोडलंच असतं. आपल्या माणसांच्या पोटावर उठायची न्हाई ती." तात्या शॉप सोडताना त्यांनीही विचारलं होतं, "ताई, खरं सांगा, जोडलं असतं न्हवं?" मी म्हटलं, "असतंच की तात्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दादाला नंबर वाचायला का लावला, हे मात्र आजवर कुणी विचारलं नाही. पाकिटाच्या तुकड्यावर तो माझ्याजवळ लिहिलेला होता, तो दादाला मीच दाखवला होता. सगळ्यांना वाटतं, दादाची जिरवायला लावला. तसं नव्हतं. चहात आलं घातलं तेव्हा तो तुकडा मी गॅसवर धरला होता. पूर्ण जळेपर्यंत धरला, राख मोरीत सोडली. आणि चौगुले तेव्हा बॅग खांद्याला लावून निघालाच होता. तो नंबर घेऊन तो गल्लीबाहेर पडला असता तर दादानं शंभर फोन केले असते तरी मला लाइन जोडता आली नसती. हे मला गॅसपुढं उभी असताना माहीत होतं. सहाही माणसांची नावं मला पाठ होती. चौगुले थांबला, कारण चहा व्हायचा होता.